पुढचं उजवं वल्हं

पोत्याच्या तोंडाला लाल दोऱ्याची दुहेरी टीप होती. ती दिसली आणि अनथीने हातातला चहाचा कप ठेवला तो टेबलाच्या काठाच्या इतका जवळ ठेवला, की हॅमिशने पुढे होऊन आत सरकवला म्हणून तो वाचला. हॅमिश तिचा साहेब. तिच्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान, संग्रहालयातल्या सगळ्या जीवाश्मांचा प्रमुख, आणि काही नवीन आलं की कागदपत्रं तशीच टाकून तिच्या खोलीत येणारा. "पलंगाखाली होतं म्हणे," तो सांगत होता. "पंचेचाळीस-पन्नास वर्षं. एका म्हातारीने वृद्धाश्रमातून टॅक्सीने पाठवून दिलंय. पट्टा लावून, मागच्या सीटवर. उघड ना." अनथीने हातमोजे चढवले आणि पोत्याची गाठ सोडली. साखरेचं लहान पोतं होतं ते, तागाचं, ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या कूबर पीडीत ओपल या रत्नाचे खाणवाले दगड भरायला वापरायचे तसलं. तागाची तोंडं उसवतात म्हणून तिची आई प्रत्येक पोत्याला दोनदा टीप मारायची, आणि दोरा लाल अशासाठी, की शेकडो पोत्यांत बाबांचं कुठलं ते लांबून कळावं. आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. टीप एकाही ठिकाणी सुटली नव्हती.

आतून आधी वास आला. गुलाबी मातीची कोरडी धूळ, थोडं रॉकेल, आणि त्याच्याखाली कुठेतरी सुरुंगाच्या दारूचा तो गोडसर वास, ज्याने लहानपणी तिचं डोकं दुखायचं. तिने तोंडाने श्वास घेत एकेक तुकडा बाहेर काढला आणि वाळूच्या ट्रेमध्ये मांडत गेली. दंडाचं मोठं हाड, त्याच्या खालची दोन बसकी, मग मनगटाची गोलसर, मग बोटांची. वरून राखाडी, ओबडधोबड; पण जिथे कपची उडाली होती तिथून आतलं हिरवं-निळं दिसत होतं, आणि ट्रे किंचित फिरवला की त्यातून तांबडा लोळ सरकायचा. ते जुळवताना तिला विचार करावा लागला नाही. एकतीस वर्षं ती हेच करत आली होती. शाळेची मुलं यायची तेव्हा तीच सांगायची, की अकरा कोटी वर्षांपूर्वी आपलं वाळवंट थंडगार समुद्र होता, हिवाळ्यात त्यात बर्फ तरंगायचा, आणि लांब मानेचे, चार वल्ह्यांचे प्लेसिओसॉर त्यात मासे धरायचे. त्यातला एक मेला, गाळात रुतला, हाडं विरघळून गेली, आणि हाडांच्या पोकळीत थेंबाथेंबाने ओपल भरत राहिलं. "म्हणजे हे हाड नाहीच?" एखादं पोर विचारायचं. "नाही," ती म्हणायची, "हाड होतं ती जागा आहे ही." पोरांना ते आवडायचं. "पुढचं उजवं वल्हं," हॅमिश ट्रेवर वाकून म्हणाला. "बोटांची टोकं नाहीत, पण बाकी सगळं आहे. असं ओपलमधलं अख्खं वल्हं मी पाहिलेलं नाही. तू पाहिलंयस?" "नाही," अनथी म्हणाली. हे खरंच होतं. तिने ते पोत्यात असताना पाहिलं होतं, बाबांच्या खांद्यावर.

"देणगीच्या कागदावर सही मात्र राहिलीये," हॅमिश म्हणाला. "कुठे सापडलं, कुणाला, कसं, ते तिला तोंडी सांगायचंय. आणि कुणीही चालणार नाही म्हणाली. तुमच्याकडे पांडेलीची मुलगी कामाला आहे, वर्तमानपत्रात फोटो पाहिला, तिलाच पाठवा. पांडेली कोण?"

"माझे बाबा."

"मग ओळखीची निघाली की. मिल्का वुकेलिच."

"हो," अनथी म्हणाली. "शेजारी राहायच्या."

तो गेल्यावर तिने हवेवर चालणारी कोरणी सुरू केली, नुसतीच, काही कोरायचं नसताना. तिच्या घरघरीत बाहेरचं काही ऐकू येत नाही. या कामात ती पडली त्याची कारणं ती लोकांना वेगवेगळी सांगायची. समुद्राची आवड म्हणायची, शांत बसायला आवडतं म्हणायची. ही घरघर हेही एक कारण होतं, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या खोलीतून कुणी एकदा हाक मारली तर तिला काही व्हायचं नाही. तीच हाक दुसऱ्यांदा आली की हातातलं टाकून ती धावायची. नऊ वर्षं संसार करून सोडून गेलेला तिचा नवरा शेवटी शेवटी म्हणायचा, "मीठ दे म्हणून हाक मारली तर तू अशी येतेस, की मला वाटतं मीच काहीतरी केलंय." तिने त्यालाही सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे पहिल्यापासून सांगावं लागलं असतं.

पहिल्यापासून म्हणजे त्या सोमवारपासून. एकाहत्तर सालचा जानेवारी, अनथी नऊ वर्षांची. बाबा खाणीतून वर आले ते भिजल्यासारखे घामाने निथळत, आणि जमिनीखालच्या त्यांच्या घराच्या पायऱ्या उतरता उतरताच आईला म्हणाले, "स्टामाटिया, भिंतीत नळ आहे. ओपलचा नळ." मागून शेजारचे रादोवानकाका, मिल्कामावशीचे यजमान, आले, वाकून, कारण ते उंच होते आणि प्रत्येक दारात डोकं आपटायचे. बाबा आणि ते चार वर्षं भागीदार होते. एकच शाफ्ट, खाणवाले त्याला भोक म्हणत, एकच रहाट, निघेल त्यात निम्मंनिम्मं. "नळ कसला," काका म्हणाले. "मणके आहेत. मान आहे ती. पांडेली, तुझाच पणजोबा आहे रे. बघ ना, मान कशी, शेजारच्या घरात डोकावल्यासारखी." बाबा हसले. बाबा ग्रीसच्या कालिम्नोस बेटावरचे. त्यांच्या घरात तीन पिढ्या समुद्राच्या तळावरून स्पंज काढायच्या, आणि त्यात एक काका आणि एक भाऊ गेले म्हणून ते पृथ्वीच्या पाठीवर समुद्रापासून जास्तीत जास्त लांब कुठे जाता येईल ते शोधत इथे आले होते. त्या रात्री दोन्ही घरं एकत्र जेवली. मिल्कामावशीने मिरच्या भाजल्या होत्या. काका म्हणत होते, की हा प्राणी अख्खा काढायचा, एक तुकडा न मोडता. शहरातल्या संग्रहालयाच्या लोकांना बोलवायचं, ते नीट काढतील, आणि खाली आपल्या दोघांची नावं लिहितील. "नाव घेऊन चाटायचंय का?" बाबा म्हणाले. "आणि कळलं बाहेर, तर रात्रीत चोर उतरून सगळं साफ करतील. आधी काढू. मग बोलवू कुणाला बोलवायचं ते." आवाज कुणी चढवला नाही. अनथीला आठवत होतं, की काका तिच्या ताटातली मिरची उचलून खात होते आणि मावशी त्यांच्या हातावर चापट मारत होती.

बुधवारी दुपारी सगळं कूबर पीडी झोपलं होतं. उन्हाळ्यात बारा ते चार वर कुणी राहत नाही. आईही झोपली होती, आणि अनथी डबा घेऊन मातीच्या ढिगाऱ्यावर ओपलच्या चिपा वेचायला आली होती, जे तिला सक्त मना होतं. तिथून तिने पाहिलं, की काका आधी भोकात उतरले, मग बाबा. काकांनी उतरण्याआधी टोपी काढून रहाटाच्या खुंटीला अडकवली. त्यानंतर किती वेळ गेला ते तिला कधीच सांगता आलं नाही. डब्यात सात चिपा जमल्या होत्या, त्यातल्या दोन बऱ्या. मग ढिगारा खालून हलला. मोठा आवाज झाला नाही. खालच्या मजल्यावर कुणी जड कपाटाचं दार लोटावं तसं झालं, आणि भोकातून पांढरी धूळ वर आली, धुरासारखी, सरळ, कारण वारा नव्हता. धुळीतून बाबा आले. तोंड, भुवया, पापण्या सगळं पांढरं, आणि खांद्यावर लाल टिपेचं पोतं. त्यांनी तिला पाहिलं. ती म्हणाली, "काका?" ते म्हणाले, "येतायत." आणि तेवढ्यात खालून हाक आली. घाबरलेली नव्हती. स्वयंपाकघरातून कुणी टॉवेल आण म्हणून सांगावं इतकी साधी होती. पांडेली. मग थोड्या वेळाने परत, पांडेली. अनथी म्हणाली, "बाबा, काका हाक मारतायत." बाबांनी पोतं ट्रकमध्ये टाकलं, त्याच्यावर ताडपत्री ओढली. "घरी जा," ते म्हणाले. "तू इथे नव्हतीस. कळलं? तू आलीच नव्हतीस." आणि ट्रक घेऊन गेले.

पुढे आयुष्यभर तिने त्या क्षणाला वेगवेगळ्या बाजूंनी हात घातला, दगडातून हाड सोडवताना घालतात तसा, आणि प्रत्येक वेळी तेच निघालं. बाबा काकांना मारायला निघाले नव्हते. मदतीला माणसं आणली तर माणसं भिंत बघणार, भिंत बघितली तर रात्रीपर्यंत मान राहणार नाही, म्हणून आधी पोतं घरी ठेवू, तोंड धुऊ, मग माणसं आणू. पाच-दहा मिनिटांचा तर प्रश्न, तोवर तो धीर धरेल. असंच त्यांच्या मनात आलं असणार. एक माणूस पाच-दहा मिनिटं धीर धरू शकतो. पाय अडकलेत, डोकं मोकळं आहे, बोलतोय. हे तिला समजायचं. समजायचं म्हणूनच तिला त्याच्यापासून सुटता यायचं नाही. त्या दिवशी ती घरी गेली नाही. पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून राहिली, गुडघ्यांत डोकं घालून. भोकाजवळ गेली नाही. काकांना ओ दिली नाही, कारण ती तिथे नव्हती. हाका येत राहिल्या, मध्ये थांबून थांबून, आणि काही वेळाने काका आपल्या भाषेत काहीतरी बोलू लागले, ते तिला कळलं नाही. मग परत पांडेली. मग ढिगारा दुसऱ्यांदा हलला. त्यानंतर नुसतं ऊन. बाबा माणसं घेऊन आले तेव्हा अर्ध्या तासाच्या वर झालं होतं. ते ओरडत होते, छाती पिटत होते, आणि त्यांचे केस ओले होते, भांग पाडलेले.

काकांना काढायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली. पोलीस त्यांच्या स्वयंपाकघरात आला, टोपी मांडीवर ठेवून बसला. बाबांनी एकच वाक्य सांगितलं: "मी झोपलो होतो. मला न सांगता उतरला तो." ते कुणाला चोर म्हणाले नाहीत. म्हणायची गरज पडली नाही. भागीदार झोपलेला असताना जो एकटा भोकात उतरतो त्याला काय म्हणतात ते तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याहून हलकी जात खाणीवर नाही. मग पोलिसाने अनथीकडे पाहिलं. कुणीतरी तिला ढिगाऱ्याकडे जाताना पाहिलं होतं. तो खाली बसला, तिच्या तोंडासमोर तोंड आणून, आणि खिशातून पेपरमिंट काढून दिलं. "काकांना उतरताना पाहिलंस का, बाळ?" "हो." "एकटेच होते?" बाबा तिच्याकडे बघत नव्हते. ते नखं बघत होते. दारात मिल्कामावशी उभी होती, तान्हा मुलगा कडेवर, आणि ती बघत होती. "हो," अनथी म्हणाली. "एकटेच." पेपरमिंट तोंडात होतं. त्यानंतर तिला ती चव कधी सोसली नाही.

काकांच्या मयतीला पाद्री धरून पाच माणसं होती. बेकरीवाला मावशीला पाव देताना दुसरीकडे बघायचा. तिच्या दाराशी कुणीतरी मेलेला सरडा टांगला, गळ्यात काचेची चिप बांधून. मार्चमध्ये ती मुलाला घेऊन गेली. कुठे, ते कुणी विचारलं नाही. पांडेलीच्या घराने पुढच्या वर्षी अॅडलेडला मासे तळण्याचं दुकान टाकलं. मान तोवर अंगठ्यांच्या खड्यांत वाटली गेली होती, जपानपर्यंत. अनथी संग्रहालयात लागल्यावर बाबा एकदा, एकदाच, बघायला आले होते. दालनात छताला टांगलेल्या सांगाड्याखाली उभे राहिले, मान वर करून, बराच वेळ. मग टोपी घातली आणि बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले. नऊ वर्षांपूर्वी ते गेले. शेवटच्या आजारात ती त्यांची नखं काढत असताना त्यांनी विचारलं होतं, "तू अजून त्या हाडांचंच करतेस?" ती हो म्हणाली. "पुरे कर आता," बाबा म्हणाले, आणि दुसरा हात पुढे केला.

वृद्धाश्रमाची खिडकी गाड्या लावायच्या जागेवर उघडत होती. गुरुवारी साडेअकराला अनथी तिथे पोचली. मिल्कामावशी खुर्चीत बसली होती, खुर्चीपेक्षा खूप लहान, चौऱ्याऐंशी वर्षांची, पण डोळे तेच होते, दारातले. उजवा हात मांडीवर आपोआप हलत होता. त्याच्यावर तिने डावा ठेवला होता.

"केस पांढरे केलेस की," मावशी म्हणाली. "नाक मात्र बापाचं. बस. पोचली हाडं?"

"पोचली. मावशी, एकही तडकलेलं नाही. ओपल वाळलं की तडकतं. कसं ठेवलंत?"

"दर रविवारी ओलं फडकं फिरवायचे. मुलगा चिडायचा. म्हणायचा, हा काय देव आहे का? त्याने आडनाव बदललं, माहितीये? अठरा पुरी झाल्याबरोबर. वुकेलिच नको म्हणाला. चोराचं आडनाव." ती हे कुणा तिसऱ्याचं सांगावं तसं सांगत होती. "ती हाडं कुणी दिली, माहितीये ना तुला?"

"बाबांनी."

"दिली नाहीत. टाकली. मी निघायच्या आदल्या दिवशी पहाटे दार उघडलं तर उंबऱ्याशी पोतं. कुत्र्याला टाकतात तसं. लाल टीप. तुझ्या आईची टीप मी ओळखणार नाही? तिच्या शेजारी बसून मी शिवलंय." ती थांबली, श्वास घेतला. "खाण कोसळली त्याच्या आदल्या रात्री रादोवान म्हणाला होता, उद्या दुपारी मी आणि पांडेली वल्हं काढणार. वल्हं अजून भिंतीत आहे म्हणाला. अख्खं काढणार म्हणाला, आणि हात असा करून दाखवला, पोहल्यासारखा. मग ते पांडेलीच्या पोत्यात कसं आलं? मी पोतं घेऊन पोलिसाकडे गेले. माझं इंग्रजी म्हणजे पाव, दूध आणि किती झाले. त्याने ऐकून घेतलं, हं. वाईट नव्हता. म्हणाला, बाई, पोतं कुणाचंही असेल, तारीख त्याच्यावर लिहिलेली नाही. मुलीने पाहिलंय."

अनथीने हे वाक्य सत्तेचाळीस वर्षं तयार ठेवलं होतं. दुकानात मासे गुंडाळताना, सूक्ष्मदर्शकाखाली, नवऱ्याशेजारी जागी पडल्या पडल्या. ते कधी मोठं असायचं, कधी रडत म्हटलेलं. आता ते तोंडातून निघालं तेव्हा अगदी बारीक निघालं. "मी खोटं बोलले."

"माहितीये."

"बाबा खाली होते. आधी काका उतरले, मग बाबा. बाबा वर आले पोतं घेऊन."

"अगं, माहितीये," मावशी म्हणाली, जरा त्रासून. "हे ऐकायला बोलावलं नाही तुला. हे लिहायला बोलावलंय. कागद आणलास ना? लिही."

अनथीने कागद गुडघ्यावर घेतला. सापडल्याचं ठिकाण. साल. ज्याला सापडलं त्याचं नाव. मावशी सांगत गेली आणि ती लिहीत गेली. रादोवान वुकेलिच, वय अडतीस. "चोर नव्हता, ते लिही," मावशी म्हणाली.

"मावशी, त्या रकान्यात ते बसत नाही."

"मग बारीक अक्षरात लिही."

तिने बारीक अक्षरात लिहिलं. रकाना संपल्यावर समासात लिहिलं, मग कागद उलटवून मागे, की तो भागीदारासोबत ठरवून उतरला होता, भागीदाराचं नाव हे, आणि मी त्याची मुलगी, मी पाहिलं आणि पोलिसाला खोटं सांगितलं. खाली पूर्ण नाव घातलं. मावशीने हलणारा हात दुसऱ्या हाताने धरून सही केली. तिला बराच वेळ लागला, आणि अनथीने मदतीला हात पुढे केला तो तिने कोपराने बाजूला सारला. त्या कागदाचं काय करायचं ते पुढे हॅमिशला कळेना. त्याने तो दोनदा वाचला, चष्मा पुसला, आणि "हे सगळंच नोंदवायचं?" असं विचारलं, आणि अनथी हो म्हणाली, तेव्हा मागची बाजूही नोंदवहीत चढली. मुलाला मावशीने त्याची एक प्रत पाठवली होती. त्याचं उत्तर आलं नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या गुरुवारी सही झाली, कागद पाकिटात गेला, आणि अनथीला क्षणभर वाटलं, की झालं, हेच होतं, यासाठीच बोलावलं होतं. तिच्या खांद्यातून काहीतरी उतरल्यासारखं झालं, आणि याची तिला लगेच लाज वाटली.

"आता दुसरं," मावशी म्हणाली.

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि ती सारखी पिकपिक करत होती. ती थांबेपर्यंत मावशी थांबली.

"डॉक्टर मला म्हणाला होता, लगेच गेला. वरून छत आलं, कळलंसुद्धा नसेल. मी तेच धरून राहिले. बाकी सगळं गेलं, नाव गेलं, मुलगा गेल्यातच जमा आहे. पण म्हटलं, कळलं तरी नाही त्याला. तू बाहेर होतीस. ढिगाऱ्यावर होतीस. तू सांग. लगेच गेला?"

हा प्रश्न अनथीने कधी तयार करून ठेवला नव्हता. इतक्या वर्षांत तिच्या मनातली मिल्कामावशी नेहमी दुसरंच विचारायची, तू का बोललीस तसं, आणि त्याची उत्तरं तिच्याकडे होती. तिला दिसलं, की आता तिने फक्त हो म्हणायचं आहे. एक अक्षर. डॉक्टरने आधीच सांगून ठेवलेलं, आयतं. त्यात कुणाचं काही जात नव्हतं. आणि तिला हेही दिसलं, की समोरची बाई तिच्या तोंडाकडे तशीच बघत होती, जशी तेव्हा बघत होती. आणि त्या वेळीही एकच अक्षर लागलं होतं, हो.

"नाही," ती म्हणाली.

"किती वेळ?"

"अर्धा तास. थोडा जास्तच असेल. मग दुसऱ्यांदा कोसळलं."

मावशीचा हलता हात डाव्या हाताखालून निसटला आणि मांडीवर एकटाच हलत राहिला. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. "ओरडत होता?"

"नाही. ओरडत नव्हते. हाक मारत होते."

"कुणाला?"

अनथीने खिडकीबाहेर पाहिलं. एक माणूस गाडीच्या टपावरून खुर्ची उतरवत होता, चाकांची, घडीची. इतकं सांगितलं, हे एवढं तरी. हे एवढं तिला आपल्या पदरचं द्यावंसं वाटलं. हे बाबांसाठी नव्हतं, स्वतःसाठी नव्हतं. "तुम्हाला," ती म्हणाली. "तुमचं नाव घेत होते."

 मावशीच्या गळ्यातून एक आवाज निघाला, तो हसण्याचा आहे हे कळायला अनथीला वेळ लागला.

"तेरा वर्षं संसार केला मी त्याच्याशी. एकदा मला नावाने हाक मारली नाही त्याने. ऐकलंस का, म्हणायचा. अगं ए, म्हणायचा. पोरगा झाल्यावर पोराचं नाव घेऊन मला बोलवायचा. लाजायचा नाव घ्यायला, एवढा मोठा गडी." तिने डोळे पुसले नाहीत, त्यांत पाणी नव्हतं. "तू अजून तशीच आहेस. समोरचा बघत असला की बोलतेस. परत सांग. कुणाला?"

"बाबांना," अनथी म्हणाली. "पांडेली म्हणत होते. सारखं, पांडेली, पांडेली. मध्ये तुमच्या भाषेत काहीतरी म्हणाले, ते मला कळलं नाही. मग परत पांडेली."

 बाहेरच्या माणसाने खुर्ची उघडली, बसकण थापटली, आणि ती रिकामीच ढकलत आत नेली.

"हं," मिल्कामावशी शेवटी म्हणाली. "म्हणजे येईल असं वाटत होतं त्याला."

दार ढकलून परिचारिका ट्रे घेऊन आली. वाटीत घेवड्याचं सूप होतं, शेजारी पावाचा तुकडा. तिने टेबल खुर्चीला लावलं, मावशीच्या गळ्यात रुमाल बांधला, "पाहुणी आलीये आज, छान," असं म्हणाली. अनथीने पर्स उचलली. पाकीट आत सरकवलं. "मी निघू का, मावशी?"

"बस," मावशी म्हणाली. "मी जेवेपर्यंत बस."

अनथी बसली. मावशीने चमचा उचलला. हात इतका हलायचा, की वाटीतून तोंडापर्यंत जाता जाता निम्मं सूप परत वाटीत सांडायचं, आणि उरलेलं ती ओठांनी सावकाश ओढून घ्यायची. प्रत्येक चमच्यानंतर थांबायची. पावाचा तुकडा मोडायची, भिजवायची, चावायची, गिळायची, आणि मग परत चमच्याकडे हात न्यायची. ती अनथीकडे बघत नव्हती. अनथीने एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि मग पाहिलं नाही. पंचवीस मिनिटं झाली असतील, तीस झाली असतील. वाटीचा तळ दिसायला लागला तेव्हा मावशीने उरलेल्या पावाने तो पुसून घेतला, कडेकडेने, एकही दाणा न ठेवता, आणि बोटं रुमालाला पुसली. अनथी खुर्चीत किंचित पुढे सरकली. मावशीने हात लांब करून घंटीचं बटण दाबलं, आणि परिचारिका दारात आल्यावर रिकामी वाटी तिच्यासमोर धरली.

"अजून एक वाटी आण," ती म्हणाली.